अठ्ठावीस दात्यांचा पराक्रम

माझ्या सायकलला मागचे नवे गियर मीच बसवायचे, असा निर्णय मी शनिवारी सकाळी घेतला. (माझे मोठे निर्णय शनिवारीच होतात. रविवार निस्तरण्यात जातो.)

कारण गंभीर होतं. आम्हा नवराबायकोच्या दोन सायकली, एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या. टेकडीच्या चढावर मी दर रविवारी उतरून सायकल ढकलतो. बायकोने शेवटचं बजावलं होतं, "या रविवारी उतरलात, तर तुमची सायकल भंगारात!"

बावीस वर्षांची सोबत. मी थेट सायकलवाल्याकडे गेलो.

सायकलवाला म्हणाला, "मागचं मोठं चक्र एकवीस दात्यांचं आहे, साहेब. अठ्ठावीसचं टाका, चढ हलका होईल. ठेवून जा, बसवून देतो."

"चक्र आणि पाना द्या फक्त," मी म्हणालो. माझा आत्मविश्वास कोणाच्या बापाचं ऐकत नाही.

घरी आल्यावर डोकं चालवलं. काढलेलं परत कसं लावायचं हे विसरलो तर? म्हणून नमुन्यासाठी बायकोच्या सायकलचंही मागचं चाक काढलं. दोन्ही चाकं अंगणात शेजारी शेजारी. जुनं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चक्रांचा जुडगा, हलेना. मी पान्यावर उभा राहिलो, ते सुटलं आणि मी तुळशीच्या कुंडीत बसलो. पण नवं बसवलं! मग दोन्ही चाकं रॉकेलने घासून अशी लखलखीत केली, की नवं कुठलं आणि जुनं कुठलं ओळखू येऊ नये. दोन्ही परत चढवली. नमुना बघायची गरजसुद्धा पडली नाही.

रविवारी चढ सुरू झाला. बायको गुणगुणत पुढे निघून गेली. मी मोठ्या चक्रावर साखळी टाकली. पाय जड. म्हटलं, नवं आहे, रुळेल. अर्ध्या चढावर ते रुळलं नाही, मी मात्र उतरलो.

वर पोचलो तेव्हा ती आपल्या मागच्या चाकाकडे वाकून बघत होती.

"अहो, हे नवे गियर माझ्या सायकलला?"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पण कबूल करतो तो मी कसला?

"तुझ्यासाठीच बसवले," मी धापा टाकत म्हणालो. "तुझ्यापुढे माझी सायकल काय चीज आहे!"

तिचे डोळे भरून आले. मला खरंच बरं वाटलं.

"मग उद्या भंगारवाल्याला बोलावते," डोळे पुसत ती म्हणाली.

"अगं, पण..."

"उतरलात ना? आणि काळजी करू नका, माझ्या कॅरिअरवर बसत जा. गियर तुम्हीच बसवलेत, तुमचं वजन सहज ओढतील."