मांडीखालचे हात

आकाशात विमानाचा आवाज आला, की माझा शेजारी डोमाजी असेल तिथे बसकण मारायचा आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरायचा. लग्नाच्या पंगतीतसुद्धा. वाढपी वरण घेऊन उभा, आणि हा हातांवर बसलेला! आवाज विरला की म्हणायचा, "गेला बापा सुखरूप," आणि मग भाताला आळं करायचा.

कामठ्याकडे आमच्या धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, धुऱ्याला धुरा, बांधाला बांध लागून. माझी बांधी मी भांडून, घासाघीस करून मिळवलेली. फुकट काही सोडायची मला सवय नाही. म्हणून स्पष्ट सांगतो, या माणसाने माझं नुकसान केलं.

पूर्वी त्याच्यासारखा गोफणवाला पंचक्रोशीत नव्हता. धान भरायला लागलं की हा मचाणावर चढायचा, आणि त्याच्या धाकाने माझ्याही बांधीत पोपट उतरत नसे. मला राखण्या ठेवावाच लागला नाही.

मग एका सकाळी लढाईच्या वेळच्या जुन्या धावपट्टीकडे निघालेलं कुणाचं तरी खाजगी, छोटं विमान आमच्यावरून गेलं. डोमाजीने पोपटांवर गोफण सोडली, आणि नेमकं त्याच वेळी वर इंजिन खोकलं, गप्प झालं. विमान खाली येत येत त्याच्याच धानात नाकावर रुतलं. मी धावत पोचलो तेव्हा त्याने वैमानिकाला बाहेर ओढून मांडीवर घेतलं होतं. कोवळा पोरगा, हात मोडलेला, "माँ, माँ" करत होता. डोमाजी त्याच्याहून मोठ्याने रडत होता, "माह्या गोट्यानं पाडलं रे बापा!"

हात बरा झाल्यावर तो पोरगा मुद्दाम भेटायला आला. म्हणाला, "बाबा, इंजिन की ताकत ही चली गई थी. आपका पत्थर वहाँ तक पहुँचता भी नहीं."

डोमाजीने ऐकून घेतलं, त्याला गूळ-पोहे खाऊ घातले, आणि तो गेल्यावर मला म्हणाला, "माहं मन राखून राहिला. भल्या घरचा हाय."

तेव्हापासून गोफण बंद. पोपटांना बातमी लागली. त्याचं धान खाऊन झालं की माझ्याकडे! मी डबे वाजवले. राखण्या ठेवला, तो झोपला. शेवटी अंबाडीची नवी गोफण घेतली, तीही माझ्याच पैशाने, आणि तरातरा त्याच्या धुऱ्यावर गेलो.

"ही धर! नाहीतर बांधी मला विक!"

"भाऊ, काऊन बोंबलून राहिला? खातेत थोडं, खाऊ दे."

"माझं खातात!"

"मंग तूच मार ना गोटा."

मी गोफणीत गोटा घातला, फिरवायला हात उचलला. तेवढ्यात पूर्वेकडून घरघर आली. डोमाजी धुऱ्यावर बसला, हात मांड्यांखाली. पण आज तो आकाशाकडे बघत नव्हता. माझ्या हाताकडे बघत होता.

"भाऊ," तो अगदी हळू म्हणाला, "त्याची माय वाट पाहून राहिली असंन."

विमान उंच होतं, फार उंच. गोफणीचा गोटा तिथे पोचत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. मी गोटा खाली टाकला, त्याच्याशेजारी बसलो आणि आवाज विरेपर्यंत गोफण मांडीखाली दाबून धरली.

समोर माझ्या बांधीत पोपट उतरत होते.