दाबल्यावर काय होतं?

नवरा ऑफिसात ॲपची चित्रं काढायचा आणि बायको त्याच ऑफिसात ती कोडमध्ये उतरवायची. त्यामुळे त्यांची भांडणं ऑफिसात सुरू होऊन घरी पूर्ण व्हायची. "माझं बटण गोल होतं, तू चौकोनी केलंस." "आणि दाबल्यावर काय होतं ते तू काढलंच नाहीस, त्याचं काय?" शेवटी साहेबांनी निक्षून सांगितलं, सोमवारी दोघांनी मिळून प्लंबर बोलावण्याचं ॲप चालवून दाखवायचं, नाहीतर एकाची बदली दुसऱ्या शहरात.

बायकोनेच तोडगा काढला. चित्रं पुरे झाली. तिने कोडमध्ये बनवलेली खरी बटणं घेऊनच त्याने नमुना मांडायचा. रविवारी सकाळी तिने सगळं जोडून दिलं.

"हे खरं आहे हं. दाबलंस की थेट प्लंबरला निरोप जातो, आपल्याच पत्त्याचा. जपून."

त्याने मान डोलावली. (बायको सूचना देऊ लागली की त्याची मान आपोआप डोलते, कान त्यात भाग घेत नाहीत.) ती अंघोळीला गेली.

'बोलवा' असं लिहिलेलं ते बटण फारच देखणं निघालं. दाबलं की किंचित आत जायचं, सावली बारीक व्हायची. आयुष्यभर चित्रातली बटणं दाबलेला माणूस तो; त्यामुळे कुणाचं कधी काही बिघडलं नव्हतं. त्याने सावली गडद करून दाबलं, फिकी करून दाबलं, लांबून डोळे बारीक करून दाबलं.

"गळतंय कुठे?" पहिल्या प्लंबरने दारातूनच विचारलं.

"कुठेच नाही."

"मग बोलावलंत कशाला?"

"सावली बघत होतो," तो खरं तेच बोलला.

बायको केस पुसत बाहेर आली तेव्हा सोफा भरला होता आणि उरलेले प्लंबर पाने-पकडी मांडीवर घेऊन जमिनीवर बसले होते.

"किती वेळा दाबलंस?"

"मोजलं नाही. ते काही बोललंच नाही गं. मला वाटलं, काही झालंच नाही."

आता बदली नक्की, आणि तीही आपलीच, असं त्याला वाटलं. पण बायकोला हसू फुटलं. "अरे, दाबल्यावर काय होतं, मी वर्षभर हेच तर विचारतेय."

मग दोघं जेवणाच्या टेबलाशी बसले. त्याने काढायचं, तिने तिथल्या तिथे बसवायचं, प्लंबरांनी दाबून बघायचं. 'तुझं' नि 'माझं' कुणी म्हटलं नाही. त्याला अगदी भरून आलं. बायकोचे आणि या लोकांचे उपकार कसे फेडावेत ते कळेना, म्हणून त्याने सगळ्यांना चहा करून दिला.

सोमवारी साहेबांनी बटण दाबलं. ते लगेच फिकं झालं, 'माणूस निघाला आहे' असं सांगून मोकळं झालं आणि पुन्हा दाबू देईना. साहेब खूश झाले. "बदलीचं विसरा. ही कल्पना कुणाची?"

"हिची," तो मनापासून म्हणाला. "सगळं हिच्यामुळेच झालं."

"नाही साहेब, ह्याच्यामुळे," बायको तितक्याच मायेने म्हणाली आणि तिने रविवारची सगळी हकीकत सांगून टाकली.

तेव्हापासून ऑफिसातलं प्रत्येक नवं बटण आधी त्याच्यापुढे येतं. त्याच्या हातून निभावलं, तर जगात कुणाच्याही हातून निभावेल, असं साहेबांनी ठरवून टाकलंय.