कौसाक्काचं सुईचं लुगडं

आमच्या गल्लीतल्या कौसाक्काकडं एक लुगडं होतं, ते फक्त लेकरांना सुई टोचायच्या दिवशी पेटीतून निघायचं. वाळल्या गवरीच्या रंगाचं, बघितलं तरी तोंड कडू व्हावं असं. लसीचा वार आला की ते नेसून अक्का अंगणवाडीच्या पायरीवर सगळ्यांच्या आधी हजर.

तुम्ही म्हणाल, हे काय खूळ? तर सांगते. अक्काचं म्हणणं असं, की आईच्या मांडीवर सुई टोचली तर लेकरू आईवर डूख धरतं. नागासारखा. मग मोठं झालं की आईचं ऐकत नाही, बायको आली की वेगळी चूल मांडतं, सगळं त्या सुईपायी. म्हणून टोचताना आईनं समोर थांबायचंच नाही. अक्का तिला बाहेर पिटाळायची, लेकराचे पाय मांडीत दाबायची, अन् सुई लागली रे लागली की ओरडायची, "धर! माझ्यावर धर डूख! तुझी आय चांगली हाय, मीच वंगाळ!" ती आरोळी तेरणा नदीच्या पलीकडं ऐकू जायची. मला तर वाटतं, अर्धी लेकरं सुईला नाही, आरोळीलाच रडत असतील.

अन् लुगडं कशाला? तर लेकराच्या ध्यानात लुगडं राहावं, अक्का नाही. दुसऱ्या दिवशी ती चांगलं हिरवं नेसून घरोघर जायची. "न्हाय वळखलं बघ मला!" म्हणायची. लेकरू तिच्याकडं बघून ओठ काढायचं. "भूक लागली आसंल त्याला," म्हणायची अन् लगोलग निघायची.

माझीही पोरं तिनंच धरली. थोरल्याला आता मिशा आल्यात, तरी अक्का समोरून आली की चेष्टेनं दंड चोळतो. हळदीला नवरदेवाचा दंड उघडा पडला की अक्का गर्दीतनं वाट काढत पुढं यायची अन् लसीच्या वणावर बोट ठेवायची. "ह्यो माझ्या मांडीवरचा." शेताचा बांध दाखवावा तसं.

तिला स्वतःचं मूलबाळ नाही. बारशाला तिला जेवायला बोलवायचे, पाळण्यापाशी कुणी बोलवायचं नाही. लेकरू तिच्या हातात पडायचं ते सुईच्या दिवशीच, अन् तेही रडायलाच. गल्लीत सगळ्यांना हे ठाऊक होतं, कुणी बोलत नव्हतं.

यंदा माझी लेक सुमन बाळंतपणाला आली. नातीची अंगणवाडीतली पहिली सुई होती. अक्का गवरी रंगाचं नेसून बसलेली, दोन्ही हात पसरून. "आण."

पण सिस्टर नवीन आलेली. ती म्हणाली, "मावशी, बाळ आईजवळच राहू द्या. ताई, पाजायला घ्या. अंगाला अंग लागू द्या त्याचं. पिता पिता टोचलं की लेकराला कमी दुखतं."

"अन् डूख?" अक्का म्हणाली.

"उलट आईच्या कुशीत दुखणं लवकर विसरतंय ते."

"नवी हाय," अक्का माझ्या कानाशी लागली. "कळंल तिला." हात मात्र तसेच पसरलेले.

सुमननं पदराआड लेकरू घेतलं. ते चांगलं ओढायला लागेपर्यंत सिस्टर थांबली, मग टोचलं. अक्कानं आरोळीसाठी छाती भरून घेतली होती. नातीनं तोंड सोडलं, एकदा "अँ" केलं, जरा विचार केल्यासारखं केलं अन् परत प्यायला लागली.

"झालं?" अक्का म्हणाली.

"झालं."

अक्काची छाती हळूहळू खाली आली. पसरलेले हात तिनं मांडीवर ठेवले. "लई बरं झालं," ती म्हणाली. मग लुगड्याचा काठ चाचपत म्हणाली, "म्हंजी मागली समदी उगंच रडली म्हणायची." अन् उठली.

"अक्कामावशी," सुमननं हाक मारली. नात पिता पिता झोपली होती. "जरा धरता का हिला? मला पाणी प्यायचंय."

पाण्याची बाटली तिच्या पिशवीत, हाताशीच होती.

अक्काचे हात पुढं आले, अन् मागं गेले. "ह्या लुगड्यात नगं," म्हणाली अन् निघाली. गुडघे धरलेली बाई, पण मी तिला त्या दिवशी पळताना बघितलं. टोचल्यावर थोडा वेळ थांबायला लावतात, तेवढ्यात ती परत आली. हिरवं नेसून. निऱ्या वर-खाली, अंगाला डांबरगोळ्यांचा वास.

मी नात तिच्या मांडीवर ठेवली. सवयीनं तिनं आधी पाय दाबून धरले, मग चटका बसल्यासारखे सोडले.

"न रडणारं कसं धरत्यात गं?" तिनं मला विचारलं.

मी तिचं कोपर नातीच्या डोक्याखाली सरकवलं. नातीनं झोपेतच हिरव्या पदराला मूठ घातली. अक्का हलेना. नाकावर माशी बसली, ती पण उठवली नाही.

"अक्का, चहा ठेवू का?" अंगणवाडीतली बाई दारातनं ओरडली.

तेरणेच्या पलीकडं जाणारा तो आवाज. त्या दिवशी नुसते ओठ हलले.

"हळू बोल. झोपलंय."