अब बरोबर बअ

इतिसिद्धम सर प्रश्नपत्रिका काढायला बसले आणि न्हाणीघरातून नळवाल्यानं हाक मारली, "साहेब, पाणी कुठून बंद होतं हो?"

सर उठले. त्यांनी कॉक दाखवला, अंगावर फवारा घेतला, टॉवेल शोधला, बायकोची बोलणी खाल्ली आणि परत येऊन अर्धा राहिलेला प्रश्न पुरा केला. 'अ आणि ब हे दोन चौरस मॅट्रिक्स आहेत. सिद्ध करा: अ अधिक ब, कंसाचा वर्ग बरोबर अ वर्ग अधिक दोन अब अधिक ब वर्ग.' मध्ये आणखी एक ओळ लिहायची होती, 'अब बरोबर बअ आहे असे माना'. ती लिहायची राहून गेली.

साध्या आकड्यांना या ओळीची गरज नसते. दोन त्रिक सहा आणि तीन दुणे सहाच. मॅट्रिक्सचं, म्हणजे आकड्यांच्या चौकटींचं, तसं नाही. तिथं गुणाकारात आधी कोण आणि नंतर कोण, यावर उत्तर बदलतं. सर हे जन्मभर शिकवत आले होते, आणि तेही साभिनय. "आधी दार उघडा, मग बाहेर जा," असं म्हणून ते वर्गाबाहेर जाऊन येत. मग दार लावून घेत. "आता क्रम बदला. आधी बाहेर जा!" आणि बंद दारावर कपाळ आपटत. दरवर्षी एक टेंगूळ ठरलेलं. मग 'इति सिद्धम्' म्हणून ते टेबलावर खडू आपटत, म्हणून मुलांनी हे नाव पाडलं होतं.

एवढी टेंगळं परीक्षेत वाया गेली. सगळ्या वर्गानं शाळेत घोकलेलं सूत्र आठवलं आणि जे मुळात खोटं होतं ते सुवाच्य अक्षरात सिद्ध करून दाखवलं. सरांनी दिलेल्या आदर्श उत्तरात 'अब बरोबर बअ असल्यामुळे' असं होतंच, त्यामुळे तपासणाऱ्यांनीही पैकीच्या पैकी गुण दिले. फक्त एका मुलीनं लिहिलं, 'हे विधान असत्य आहे', आणि खाली ते मोडून काढणारं उदाहरण दिलं. तिला शून्य मिळालं. वर्गात सारखा हात वर करायची म्हणून तिला सगळे शंका म्हणत. तेवढ्याच गुणांनी शंका नापास झाली. एका शाळेत तिची गणिताची नोकरी ठरली होती. निकाल दाखवला की रुजू व्हायचं, एवढंच बाकी होतं.

सरांना हे कळलं. ते तडक प्राचार्यांकडे गेले. "चूक माझी आहे. तिचं उत्तर बरोबर आहे. तिला पास करा."

"म्हणजे बाकीच्यांची चुकलीत?"

"हो."

"सर, कॉलेजचा असा निकाल कधी लागला नव्हता. फाटकावर फलकसुद्धा लागलाय. तो काय उतरवू?"

"पण विधान खोटंय हो!"

"ते समिती ठरवेल."

समिती बसली. प्राणिशास्त्राचे सर म्हणाले, "आमच्या वेळी तरी हे सूत्र खरं होतं." इतिहासाच्या बाईंनी त्यांना दुजोरा दिला. सरांखेरीज गणिताचा एकच माणूस तिथं होता, आणि त्याच्या बढतीचा कागद प्राचार्यांच्या टेबलावर पडून होता. त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. मतदान झालं. अब बरोबर बअ हे एकाविरुद्ध सगळ्यांच्या मतांनी मंजूर झालं.

सरांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच संध्याकाळी त्यांनी विद्यापीठाकडे खरमरीत अर्ज धाडला. उत्तर आलं नाही. फेरपरीक्षा मात्र आली. शाळेनं शंकासाठी तोवर जागा अडवून ठेवली होती, त्यापुढे थांबणार नाही असंही कळवलं होतं.

शंका सरांच्या घरी आली. "सर, पुन्हा तोच प्रश्न आला तर काय लिहू?"

सर चष्मा पुसू लागले. "सिद्ध कर."

"खोटं आहे तरी?"

"नोकरी हवीय ना? मग कर."

"म्हणजे अब आणि बअ..."

"सारखेच," सर म्हणाले. आतून त्यांची बायको दारात येऊन उभी राहिली. "अहो, काय सांगताय पोरीला?" सरांनी मान वर केली नाही. इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

प्रश्न तोच आला. शंकानं तो सांगितल्याप्रमाणे सिद्ध केला.

पुढच्याच आठवड्यात प्राचार्यांनी सरांना बोलावून पेढ्यांचा बॉक्स पुढे केला. "अभिनंदन! जिंकलात. विद्यापीठानं तुमचा अर्ज मान्य केला, आभारही मानलेत. विधान असत्यच आहे म्हणे."

सरांचा ऊर भरून आला. "म्हणजे शंका पास?"

"छे! मागच्या निकालाला हात लावायचा नाही, असं स्पष्ट कळवलंय. फलक राहतोय आपला. या फेरपरीक्षेपासून असत्य धरायचं. प्रश्नपत्रिका वाटून झाल्या होत्या, म्हणून फक्त आदर्श उत्तर बदललं."

सरांच्या हातातला पेढा हातातच राहिला. "आणि ज्यांनी सिद्ध केलं असेल..."

"त्यांना शून्य. पण काळजी करू नका, या विषयाला एकटीच बसली होती."

शंका दुसऱ्या दिवशी वर्गात भेटायला आली. रडत नव्हती. रडली असती तर सरांना बरं वाटलं असतं.

"जागा गेली, सर. माझ्या बाकावरची मैत्रीण लागली तिथं. तिनं हे पहिल्याच परीक्षेत सिद्ध केलं होतं."

"चूक माझीच आहे गं."

"चूक कसली? खरं आणि खोटं, दोन्ही लिहून झालं माझं. फक्त आधी खोटं आणि मग खरं लिहायला हवं होतं. क्रम बदलला की उत्तर बदलतं, तुम्हीच शिकवलंत."

शंकानं पिशवी खांद्याला लावली, आधी दार उघडलं, आणि मग बाहेर गेली.