हवेवर तरंगणारं टेबल

पडद्यावरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या पुन्हा नाचल्या आणि संशोधिकेने कपाळावर हात मारून घेतला.

"सर, आता कोण हललं?"

"मी नाही बाई," सर कोपऱ्यातल्या स्टुलावरून म्हणाले. बिचारे मघापासून श्वाससुद्धा बेताबेतानेच घेत होते.

होलोग्राफिक मायक्रोस्कोप हे मुळातच नखरेल प्रकरण. लेझरचे दोन किरण एकमेकांवर पडतात, त्यांच्या पट्ट्या उमटतात आणि त्या पट्ट्यांवरून जिवंत पेशीचं चित्र तयार होतं. पेशीला रंग फासायला नको की तिचा जीव घ्यायला नको. फक्त पट्ट्या क्षणभर तरी स्थिर हव्यात. यंत्र उसनं आणलेलं, ते न्यायला कंपनीचा माणूस दारात येऊन उभा होता. आणि महिनोन् महिने लाड करून वाढवलेल्या पेशींपैकी एक नेमकी आत्ता दुभंगायला निघाली होती. तिचं हे एक चित्र मिळालं की प्रबंध पुरा, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून सगळं.

"वरचा सुतार ठोकतोय, त्याचंच हे," असं म्हणत ती तणतणत वर गेली.

"दादा, जरा थांबता का? खाली पेशी हलतेय."

"मग धरा की तिला," सुतार म्हणाला; पण हातोडी ठेवून, गंमत बघायला तिच्या मागोमाग खाली आला.

"तू गेलीस आणि सगळं कसं शांत झालं बघ," सर खुशीत म्हणाले. "सुतारच होता."

ती खुर्चीत बसली. पट्ट्या नाचल्या.

मग ती शेजारच्या खोलीतला फ्रीज बंद करून आली. ती तिकडे होती तोवर पट्ट्या शहाण्यासारख्या उभ्या होत्या. ती येऊन बसली आणि पुन्हा तेच. मग तिने लिफ्ट बंद करवली. परिणामी विभागप्रमुख बाई दुखऱ्या गुडघ्यांनी सगळे जिने चढून धापा टाकत दारात उगवल्या.

"लिफ्टचा काय दोष? नाचता येईना, अंगण वाकडं."

"मॅडम," कंपनीचा माणूस घड्याळाकडे बघत म्हणाला, "यंत्राखालचं हे टेबल हवेवर तरंगतं. खाली इमारत हलली तरी त्याला पत्ता लागत नाही. टेबलालाच कुणी चिकटलं असेल, तर गोष्ट वेगळी."

"कुणीही चिकटलेलं नाही," ती वैतागून म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. आई. हातमोजे घातलेले होते म्हणून तिने कोपराने कसाबसा स्पीकर लावला.

"आई, नंतर बोलते. खूप कामात आहे."

"पाय हलवत बसलीयस ना? आवाज कापतोय तुझा. लहानपणापासून सांगून सांगून थकले मी."

सुतार वाकला, पाठोपाठ सर वाकले, विभागप्रमुख बाईही गुडघे विसरून वाकल्या. तिचा गुडघा टेबलाच्या फळीला खालून टेकला होता आणि पाय शिवणयंत्रासारखा चालू होता.

तिने दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला. तो जास्तच थरथरायला लागला. पडद्यावर पेशीची कंबर बारीक होत चालली होती.

"तू बाहेर जा," सर म्हणाले.

"सर, माझी पेशी आहे ती."

"म्हणूनच जा."

ती फोन उचलून बाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. इतके महिने जिची वाट पाहिली, ती घटका आली तेव्हा आत सुतारसुद्धा होता, आणि ती मात्र बाहेर. तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

"मिळालं," आतून सरांचा आवाज आला. "अगदी स्वच्छ मिळालं."

"काय मिळालं गं?" फोनवर आईने विचारलं.

"चित्र मिळालं, आई."

"बरं झालं. आता तो पाय थांबव."

"थांबवलाय."

"खोटं बोलू नकोस. आवाज अजून कापतोय."

तिने खाली पाहिलं. पाय खरोखरच स्थिर होता.