अनधिकृत बचत

पीण्या औद्योगिक क्षेत्रात देवाप्पा चौगुले यांचा अकरा माणसांचा कारखाना होता आणि त्यात कचरा होत नव्हता. बाब गंभीर होती. पण एकोणीस वर्षं ती कोणाच्याच लक्षात आली नव्हती.

देवाप्पा मूळचे निपाणीचे. मिक्सरच्या मोटारीत बसणारा बोटभर लांबीचा दांडा ते बनवत. लेथवर निघालेला लोखंडाचा कीस पोत्यात भरून भट्टीकडे परत जाई. वापरलेलं तेल महानंदा चार पदरी फडक्यातून गाळून पुन्हा लेथला देई. ती कारखान्यातली सर्वात जुनी कामगार. हात पुसायच्या चिंध्याही तीच धुऊन पत्र्यावर वाळत घाली. या सगळ्याला कोणी काही नाव दिलेलं नव्हतं.

मग दांडे विकत घेणाऱ्या मिक्सर कंपनीचं पत्र आलं. सर्व लघु व मध्यम पुरवठादारांनी शाश्वत उद्योग प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र सादर करावे, अन्यथा माल स्वीकारला जाणार नाही. देवाप्पांचं सगळं काम त्या एकाच कंपनीचं. ते इस्त्रीचा शर्ट घालून प्रशिक्षणाला गेले.

प्रशिक्षण इलेक्ट्रॉनिक सिटीजवळच्या एका हॉटेलात होतं. विजेची बचत हा पहिला विषय. सभागृह इतकं गार होतं की दुपारी आयोजकांनी सर्वांना शाली वाटल्या. प्रशिक्षक मल्हार पुण्याहून आलेला, मनाने चांगला मुलगा. अर्ज तपासता तपासता तो देवाप्पांपाशी थांबला.

"सर, 'सध्याचा कचरा' हा रकाना तुम्ही ब्लँक सोडलाय."

"होत नाही, म्हणून सोडला."

"सिस्टिम ते घेत नाही, सर." मल्हारने शून्य टाकून दाखवलं. रकाना लाल झाला. "तुम्हाला तीस टक्के कपात दाखवायचीय. शून्यातून तीस टक्के कमी कसे करणार?"

"मग मी काय करू?"

मल्हारने आवाज खाली आणला. "आधी तीन महिने बेसलाइन असते, म्हणजे मूळचा कचरा मोजतात. तेवढे दिवस नॉर्मल वागा."

"नॉर्मलच वागतो की हो मी."

"तसं नाही. इतरांसारखं."

शेजारच्या खुर्चीवर हयवदन बसले होते. त्यांच्या रबराच्या कारखान्याचा धूर तीन गल्ल्यांपर्यंत जाई. सांडपाण्याच्या सात पिंपांपैकी दोन गटारात ओतायची त्यांनी थांबवली होती, त्यामुळे त्या दिवशीचा आदर्श उद्योजक म्हणून त्यांचा सत्कार होता. ते कानडी मिसळत समजुतीच्या सुरात म्हणाले, "अण्णा, स्वल्प, थोडंसंच गटारात सोडा. सगळं सरी होतं, ठीक होतं."

दुसऱ्या दिवशी देवाप्पांनी माणसं गोळा केली आणि आजपासून वाया घालवायचं असं सांगितलं. आधी सगळे हसले. मग कळलं की अण्णा गंभीर आहेत.

"हे तेल नितळ हाय की, अण्णा," महानंदा म्हणाली. "ह्यात वाईट काय हाय?"

"काही नाही. म्हणूनच टाकायचं."

काम सोपं नव्हतं. भर दुपारी लावलेले दिवे कोणीतरी जाता-येता सवयीने बंद करी. शेवटी दिवे चालू ठेवायला एक माणूस नेमावा लागला. तिसऱ्या आठवड्यात कुठे माणसं तरबेज झाली. महानंदा सोडून.

महिनाअखेरीस तपासनीस रक्षिता आल्या. कागदावर चिंध्यांची दहा पोती वाया गेलेली होती, प्रत्यक्षात सहाच भरली. उरलेल्या चार पोत्यांतल्या चिंध्या जिन्याखाली सापडल्या. धुतलेल्या, घड्या घातलेल्या.

"हे कोणी केलं?"

"मी," महानंदा म्हणाली. "फेकवंना मला."

रक्षितांनी शेरा लिहिला : कामगाराकडून अनधिकृत बचत. आकडेवारीची विश्वासार्हता धोक्यात. त्वरित कारवाई अपेक्षित.

देवाप्पांनी दोन दिवस कारवाई टाळली. तिसऱ्या दिवशी कंपनीचा फोन आला आणि त्यांना बाकीची दहा माणसं दिसू लागली. त्यांनी महानंदाला बोलावलं, पण तिच्याकडे बघणं त्यांना जमेना.

"महानंदाक्का, थोडे दिवस घरी बस."

"कामात चूक झाली काय माझ्या?"

"नाही."

"मग?"

देवाप्पांनी टेबलावरचा अर्ज सरळ करून ठेवला. महानंदाने पदराला हात पुसले, पत्र्यावरच्या वाळलेल्या चार चिंध्या आत आणून ठेवल्या आणि ती गेली.

ठरल्याप्रमाणे चौथ्या महिन्यापासून दहातली तीन पोती धुतली जाऊ लागली. कपात बरोब्बर तीस टक्के. प्रमाणपत्र आलं. त्याच दिवशी देवाप्पांनी मल्हारला फोन लावला. "झालं ना? आता पहिल्यासारखं सगळंच धुतो."

"नको, सर!" मल्हार घाबरला. "पुढच्या वर्षी अजून दहा टक्के कमी करायचेत. आत्ताच सगळा कचरा संपवला तर पुढे काय करणार? जपून वापरा."

संध्याकाळी देवाप्पा दासरहळ्ळीला महानंदाच्या घरी गेले. तिने चहा ठेवला.

"परत ये, अक्का. तीन पोत्यांचं काम निघालंय."

"आणि उरलेली सात?"

"ती टाकायची."

महानंदाने कपबशी त्यांच्यापुढे सरकवली. "कुठली धुवायची आन् कुठली टाकायची, हे मला निवडायला लावू नका, अण्णा. दुसरं कोणतरी बघा."

देवाप्पांनी चहा संपवला. तळाशी घोटभरसुद्धा ठेवला नाही.

पुढे कंपनीने मिक्सरच्या खोक्यावर हिरवं पान छापलं आणि त्याखाली 'तीस टक्के कमी कचरा' असं लिहिलं. दिवाळीत माल पुरेना. एक तुम्हीही घेतलात. पान बघून घेतलात आणि पाहुण्यांनाही ते दाखवलंत, हे उत्तमच केलंत. फक्त तुमचा जुना मिक्सर चालू होता, एवढंच.