बुधवारचा शेवट

थिएटरच्या ऑपरेटरला स्त्रियांच्या हक्कांचं वावडं नव्हतं. वावडं होतं सरांचं. दर बुधवारी दुपारी बायकांसाठी सिनेमा असे आणि त्यावर कॉलेजातले सर चर्चा घेत. चर्चा तिथेच संपली असती तर ठीक. पण ऑपरेटरची बायको ती घरी आणायची. भाजी चिरताना "सर म्हणतात", कपडे वाळत घालताना "सर म्हणतात." आपण वीस वर्षांत काय म्हटलं, हे तिला एकदाही आठवलं नव्हतं.

या बुधवारच्या सिनेमात नायिका शेवटी बॅग उचलून घर सोडते. बायकोच्या डोक्यात नसतं भरायला नको, म्हणून नायिकेने बॅगेला हात घालताच ऑपरेटरने मशीन बंद केलं आणि तो वरच्या खिडकीतून ओरडला, "बिघडलं!"

सर उलट खूश झाले. "उत्तम! शेवट आता तुम्हीच सांगा."

नर्सबाईंनी नायिकेला कोर्टात पाठवलं, शिवणवाल्या काकूंनी माहेरी. मग ऑपरेटरची बायको उठली.

"ती कशाला जाईल? घर तिचंही आहे. जाईल तो नवरा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. ऑपरेटरने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. "साफ चूक! ती एकटी जाते! नवऱ्याला कुणी हात लावत नाही! थांबा, दाखवतो!"

"मशीन बिघडलंय ना?" बायकोने विचारलं.

सगळा हॉल वर बघून हसला. सर गंभीरपणे म्हणाले, "बघा. बाईनं विचार केला की पुरुषाची अब्रू धोक्यात येते."

"खरंय, सर," बायको म्हणाली. "तुमच्या मिसेसना कधी आणताय?"

सर चष्मा पुसू लागले. "आमच्याकडे... म्हणजे, आईंना चालत नाही. घरातल्या बायकांनी थिएटरात... घराण्याचं नाव आहे ना."

कुणी हसलं नाही. बायकोने पर्स उचलली. "पत्ता सांगा. मीच येते बोलवायला."

पुढच्या बुधवारी सरांची बायको तिच्याशेजारी बसली होती. दोघी एकमेकींच्या कानाशी लागून खुसखुसत होत्या. मागच्या दाराशी उभे असलेले सर टाचा उंचावून, मान वाकडी करून बघत होते.

"काय बोलत असतील हो?" त्यांनी ऑपरेटरला विचारलं.

ऑपरेटरने त्यांच्याकडे प्रथमच मायेने पाहिलं. "वर चला, सर," तो म्हणाला. "ऐकू येत नाही, पण एकमेकींकडे वळल्या की चेहरे दिसतात."